सून, स्नाहा आणि थांबलेले हातोडे

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी जी बल्गेरियात, सोफियाला आहे ती म्हणाली, की तिची होणारी सासू तिला आत्तापासूनच ‘स्नाहा’ म्हणते. जो टोरांटोत आहे त्याने मध्येच तोंड घातलं, “आजी, हे आपल्या ‘सून’सारखंच नाही का वाटत? का मी उगाच जोडतोय?”

उगाच जोडत नाहीस. शब्द एकच आहे. पण माझा कुकर गॅसवर होता, आणि या शब्दाबद्दल मला जे ठाऊक आहे ते शिट्ट्यांच्या मधल्या वेळात सांगण्यासारखं नाही. त्यात रक्त आहे. म्हणून लिहिते आहे, आणि माझ्या सवयीप्रमाणे क्रमाने लिहिते आहे. कंटाळा आला तर पहिली दोन पानं सोडा, पुढची सोडू नका.

आधी शब्द.

लग्न होऊन मी कसब्यात आले तेव्हा पानशेतच्या पुराच्या रेघा भिंतींवर अजून दिसत होत्या. सकाळी सायकल काढून मी गावाबाहेरच्या एका संस्थेत जात असे. तिथे संस्कृतचा मोठा कोश तयार होत होता, आणि शब्दांचे परदेशातले नातेवाईक शोधण्याच्या टेबलावर मी सहायक होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, वर संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकणारी, म्हणून रशियन आणि तिच्या बहिणींचं काम माझ्याकडे आलं. आमच्या सरांनी एक दिवस ‘स्नुषा’ हा शब्द माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “घ्या. तुम्ही नव्या सून आहात, तुम्हालाच शोभेल.”

आमची पद्धत अशी असे. लेकी ओळीने उभ्या करायच्या आणि त्यांच्या तोंडवळ्यावरून कुणीच न पाहिलेली आई ठरवायची. रशियनमध्ये स्नोखा. बल्गेरियनमध्ये स्नाहा. सर्बियनमध्ये स्नाहा, नाहीतर स्नाया. चेकमध्ये स्नाखा. या सगळ्यांची आई ‘स्नुखा’, त्यातला उ अगदी आखूड, तोंडातल्या तोंडात विरणारा. ती भाषा बोलली जात होती तेव्हा ती माणसं लिहीत नव्हती. म्हणून अशा शब्दाच्या डोक्यावर एक तारका काढतात. तारकेचा अर्थ एवढाच, की हे आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही, खुणांवरून ठरवलं आहे.

या स्नुखेची थोरली बहीण म्हणजे आपली स्नुषा. उ-च्या मागोमाग आलेल्या स-चा आपल्याकडे ष झाला, त्यांच्याकडे ख. स्नुषेची प्राकृतात सुण्हा झाली, आणि सुण्हेची सून. लॅटिनमध्ये तीच नुरुस, ग्रीकमध्ये नुओस, जुन्या इंग्रजीत स्नोरु. इंग्रजांनी पुढे हा शब्द टाकून दिला आणि सुनेला कायद्याने झालेली मुलगी म्हणायला लागले. आपण शब्द टाकला नाही.

मुळात या शब्दाचा अर्थ काय, यावर विद्वानांचं एकमत नाही. काही म्हणतात त्यात ‘मुलगा’ आहे, म्हणजे मुलाची ती. काही म्हणतात त्यात ‘बांधणे’ आहे. मी सरांना विचारलं कोणतं लिहू. ते म्हणाले, “दोन्ही लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. बायको आणताना तरी कुणाला काय माहीत असतं?”

एक गोष्ट मात्र सगळ्यांना मान्य आहे. सासरा, सासू, दीर, जाऊ या शब्दांना रशियाकडे सख्खी भावंडं सापडतात. बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी नवऱ्याने वापरायचे तितके जुने, सगळ्यांकडे सारखे असलेले शब्द सापडत नाहीत. याचा अर्थ सरळ आहे. जायची ती मुलगी. एकटी जायची, आणि दारात ही सगळी मंडळी उभी असायची. हजारो वर्षं मुली अशा गेल्या, कुणी मागून आणलेल्या, कुणी बैलांसारख्या बदल्यात घेतलेल्या, कुणी घर जाळून उचलून नेलेल्या, आणि दारातल्या माणसांनी त्यांना ज्या नावाने हाक मारली ते नाव हे.

आता आळी.

आमची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि खाली दोन्ही बाजूंना तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची दुकानं. बंब, हंडे, घागरी, पराती. सकाळी हातोडे सुरू झाले की बोलायचं ते ओरडून. नव्या सुनेला पहिला महिनाभर डोकेदुखी व्हायची, मग ऐकू येणं बंद व्हायचं. सासूबाई म्हणत, “या आळीत भांडणं होत नाहीत गं. ऐकूच येत नाहीत, तर होणार कशी?”

हातोडे थांबत ते ठरलेल्या वेळी. दुपारच्या जेवणाला. अमावास्येला, कारण त्या दिवशी कारागीर हत्याराला हात लावत नसत. आणि आळीत कुणी गेलं तर. ज्या घरात मर्तिक झालं त्याच्या शेजारचा कारागीर हातोडा खाली ठेवायचा, मग त्याच्या पुढचा, मग समोरचा, आणि हळूहळू सगळी आळी मुकी व्हायची. निरोप द्यायला माणूस पाठवावा लागत नसे. लोक गॅलरीत येऊन खाली विचारायचे, “कोण गेलं?” माणसं स्मशानातून परत येईपर्यंत ठोका पडत नसे. आळीत जन्मलेल्या प्रत्येकाच्या अंगात हे होतं. अवेळी शांतता झाली की हातातलं काम टाकून गॅलरीत यायचं आणि विचारायचं.

आमच्या स्वयंपाकघरासमोर, बोळापलीकडे, दुसरं स्वयंपाकघर होतं. खिडकीला खिडकी. त्या घरात एक विधुर गृहस्थ राहत, कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. सकाळी मोठ्याने स्तोत्रं म्हणत, जिन्यावर बायका भेटल्या तर भिंतीकडे तोंड करून उभे राहत, इतके सज्जन. त्यांचा एकुलता एक मुलगा एका कचेरीत कारकून होता आणि दुपारी जेवायला घरी येत असे. त्या मुलाची बायको सासवडकडच्या एका खेड्यातली, विशीच्या आतली, माझ्याहून पुष्कळ लहान. ती मला ताई म्हणायची.

आमची ओळख खिडकीतून झाली. ती फार हसायची. मी पोळ्या लाटताना रशियन क्रियापदं पाठ करत असे, तर ती ओरडून विचारायची, “ताई, आज कुणाला शिव्या घालताय?”

मग तिचं हसणं कमी झालं. एक दिवस तिच्या डाव्या हातात बांगड्या होत्या, उजव्या हातात नव्हत्या, आणि मनगटावर काचेने ओरखडल्यासारख्या रेघा होत्या. पुढच्या आठवड्यात खालचा ओठ फाटलेला. मग एकदा ती वाटण वाटताना पाहिली. मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून हात पोचवत होती. विचारलं तर म्हणाली, “पडले ओ.”

सासूबाई म्हणाल्या, “हिच्या घरातल्या फरश्या फार निसरड्या दिसतात. फक्त कामाच्या दिवशी.”

मला कळलं नाही. त्यांनी मला अमावास्येची वाट बघायला लावली. अमावास्येला हातोडे बंद होते, आणि समोरच्या घरातून सासऱ्यांचा प्रेमळ आवाज स्पष्ट येत होता. “सूनबाई, चहा झाला का? सूनबाई, उन्हात जाऊ नको.” दुसऱ्या दिवशी मी संस्थेत न जाता घरीच थांबले. जेवणाची सुट्टी संपून हातोडे पुन्हा सुरू झाले आणि समोरची खिडकी आतून ओढून घेतली गेली. ती उघडली तेव्हा मुलीच्या एका गालावर पाचही बोटं उठली होती.

ते दोघं बापलेक वेळ साधून मारत होते. मारायचा मुलगा, आणि खिडकी लावायचा बाप.

सासूबाई त्याच संध्याकाळी समोर गेल्या. मी मागे उभी होते. गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं.

“काय हो, सुनेला मारता म्हणे?”

“आपण कोण?”

“समोर राहते. अठ्ठावीस वर्षं राहते आहे. ओळख नसेल तर करून देते.”

“वहिनी, आमच्या घरातलं आम्ही बघू. आपण आपली सून सांभाळा. ती बाई सायकलवर बसून रशियनांचे धडे गिरवते, त्याचा आम्ही कधी शब्द काढला का?”

दार लागलं. तुमच्या आजोबांनी चौकीवर जाऊन सांगून पाहिलं. तिथल्या जमादाराने त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, की घरगुती मामला आहे, नवराबायको उद्या एक होतील आणि तुम्ही वाईट ठराल.

पुढच्या दिवसांत तिने मला खिडकीतून एक प्रश्न विचारला. हातोड्यांच्या आवाजात तिला तो दोनदा ओरडावा लागला.

“ताई, तुमच्या स्वयंपाकघराला आतून कडी हाय का?”

“आहे. का गं?”

“आमच्या नाय. होती ती मामंजींनी काढली.”

एवढं बोलून ती बाजूला झाली. मी पोळी तव्यावर विसरले.

सासूबाईंनी खालच्या म्हाताऱ्या कारागिराकडून एक जाड कडी आणि कोयंडा घेतला. आळीत सगळे त्यांना दादा म्हणत. पदराखाली लपवून, दुपारी गृहस्थ देवळात गेले असताना सासूबाई समोर गेल्या आणि मुलीने बत्त्याने ठोकून ती कडी दाराला बसवली. हा लोखंडी बत्ता पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा. कडी बसल्यावर ती आमच्या खिडकीकडे बघून पहिल्यासारखी हसली होती.

त्याच सुमारास माझं ‘स्नुषा’चं काम शेवटाला आलं होतं. मी एका जाड रशियन कोशात स्नोखाचे पोटशब्द बघत होते. दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक म्हणजे रशियनमध्ये स्नोखा हा मुख्यतः सासऱ्याच्या नात्याने वापरायचा शब्द. सासू तिच्या सुनेला वेगळ्या शब्दाने ओळखते. दुसरी गोष्ट म्हणजे स्नोखापासून एक भाववाचक नाम झालं आहे, स्नोखाचेस्त्वो. अर्थ दिला होता, सासऱ्याने सुनेशी शरीरसंबंध ठेवण्याची खेड्यांतली चाल. मुलगा फौजेत किंवा कामावर दूर असताना घरातला कर्ता पुरुष सुनेच्या खोलीत जाई आणि घरातले सगळे दुसरीकडे बघत.

सर म्हणाले, “हे आपल्या कामाचं नाही. वगळा.”

मी कोशातून वगळलं. पण सायकल चालवत घरी येताना ती काढलेली कडी सारखी डोळ्यांपुढे येत होती. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, निवडायच्या थांबल्या.

“म्हणजे तिकडे इतकं होतं, की त्याला नाव द्यायची वेळ आली.”

“हो.”

“एकीसाठी कुणी नाव ठेवत नाही गं. किती पोरी मेल्या असतील एक शब्द व्हायला.” पुन्हा भाजी हातात घेत म्हणाल्या, “आपल्याकडे नाव नाही. म्हणजे होत नाही, असं सगळ्यांना म्हणता येतं.”

आता तो दिवस.

मला ताप होता म्हणून मी घरी होते. जेवणाची सुट्टी संपली आणि हातोडे सुरू झाले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर समोरची खिडकी उघडीच होती. मुलगा कचेरीतून आलेला होता आणि बाप त्याला हातवारे करून दाराची कडी दाखवत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण नाटक कळत होतं. ही कडी लावून आत बसते. कुणासाठी बसते? खिडकीतून कोण येतो? बाप बोट नाचवून विचारत होता. मुलगी मान हलवत होती आणि बापाकडे बोट दाखवून नवऱ्याला काही सांगत होती. पहिल्यांदाच सांगत असावी, कारण नवऱ्याचा चेहरा क्षणभर नुसता रिकामा झाला. मग त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं.

मी ओरडले. माझा आवाज मलाच आला नाही. तिने दोन्ही हात वर केले तेव्हा त्याने खलातला बत्ता उचलला आणि तिच्या हातांवर घातला. एक हात कोपराखाली नको तिथे वाकला. म्हाताऱ्याने शांतपणे येऊन खिडकी ओढून घेतली. ओढताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या पायात काही न घालता जिना उतरल्या. मी भिंत धरत त्यांच्या मागे. तुमचे आजोबा कामावर होते. समोरच्या घराचं दार जाड शिसवी होतं आणि आतून अडसर लावलेला. ते फोडेपर्यंत मुलगी राहिली नसती, आणि हाका मारून कुणाला ऐकू येणार नव्हतं. सासूबाई दाराकडे गेल्याच नाहीत. त्या दादांच्या दुकानात शिरल्या. दादा एका बंबावर ठोके घालत होते. सासूबाईंनी वाकून त्यांचं मनगट धरलं.

“हातोडे थांबवा.”

दादा घाबरले. “कोण गेलं, वहिनी?”

“अजून कोणी नाही. म्हणूनच थांबवा.”

त्यांनी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग वर समोरच्या बंद खिडकीकडे पाहिलं. हातोडा खाली ठेवला. शेजारच्याने ते बघून ठेवला. त्याच्यापुढच्याने ठेवला. मी त्या आळीत पुष्कळ मरणं पाहिली, पण शांतता अशी चालत पुढे जाताना त्या दिवशी प्रथम पाहिली. टोकाचा कल्हईवाला चाचा भाता सोडून उभा राहिला. गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली.

आणि त्या शांततेत, बंद खिडकीमागून, म्हाताऱ्याचा आवाज आला. हातोड्यांवर चढवून बोलायची सवय, त्यामुळे तो अख्ख्या आळीला पुरला.

“घाल अजून एक! मला कडी लावते! माझ्या घरात मला कडी लावते!”

मग ठोका. तांब्यावरचा नव्हे. ओला.

त्यानंतर आतूनही काही नाही. आपलं सगळं बाहेर ऐकू जातंय, हे आतल्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. मग खिडकी उघडली. मुलगा तिच्यात उभा राहिला. बनियनवर, हनुवटीवर, पापण्यांवर रक्ताचे शिंतोडे, उजव्या हातात बत्ता, बत्त्याला केस चिकटलेले. तो त्याच आळीत जन्मलेला होता. अवेळी हातोडे थांबले होते. त्याने खाली वाकून, रोजच्या आवाजात विचारलं,

“कोण गेलं हो?”

सासूबाई म्हणाल्या, “तेच विचारायला जमलोय. दार उघड.”

तो गेला आणि त्याने दार उघडलं. बापाने आतून “थांब, गाढवा!” म्हटलेलं आम्ही ऐकलं. पण मर्तिकाला जमलेल्या माणसांना दार उघडायचं असतं, आणि ते त्याच्या हातांनी केलं.

पुढचं मी गोड करून सांगणार नाही. दादांच्या थोरल्या मुलाने त्याला उंबऱ्यातच धरलं आणि त्याचं उजवं मनगट उंबऱ्यावर टेकवून त्यावर हातोडा घातला. एकदाच. मोडल्याचा आवाज आला. बायकांनी म्हाताऱ्याला धोतराला धरून जिन्यावरून ओढत खाली आणलं. त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं आणि तो “मी वयस्क आहे, मी वयस्क आहे” म्हणत होता. जिन्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा तो माणूस. बायकांनी त्याला पायातल्या वहाणांनी तोंडावर मारलं. नाक फुटलं, दात पडले. चाचांनी मध्ये पडून त्याला सोडवलं नसतं तर त्या दिवशी हातोडे त्याच्यासाठी थांबले असते. मला दया आली नाही.

मुलगी ओट्याखाली मुटकुळं करून पडली होती. डावा डोळा जागेवर नव्हता. ओट्याची कड, फरशी, कडी बसवलेलं दार, सगळीकडे रक्त. पुरुषांनी चादरीत घालून तिला खाली आणलं. टांग्यात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझा ताप आणि तिचं गरम रक्त एकत्र झालं होतं. मी तिला सारखी बोलायला लावत होते, कारण ती बोलायची थांबली की मला भीती वाटत होती.

“ताई,” ती म्हणाली, “मी खरं सांगितलं ओ त्यांना.”

“माहीत आहे.”

“त्यांनी ऐकलं होतं. ऐकूनच मारलं.”

मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. संध्याकाळ होत आली तेव्हा एक डॉक्टरीण बाहेर आली आणि मला हात धुवायला सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

मी परत आले तेव्हा आळी तशीच मुकी होती. कुणी हातोडा उचललेला नव्हता. स्मशानातून परतणाऱ्या माणसांची वाट बघतात तसे सगळे आपापल्या दुकानाच्या तोंडाशी बसले होते. सासूबाई दादांच्या दुकानात एका पालथ्या हंड्यावर बसल्या होत्या. माझं लुगडं रक्ताने कडक झालेलं बघून त्या उठल्या, आणि कुणीही तोंडातून तो प्रश्न काढायला धजेना.

“आहे,” मी म्हणाले. “डोळा गेला. हात मोडलाय. पण आहे.”

सासूबाई दादांकडे वळल्या. “वाजवा.”

दादांनी हातोडा उचलला आणि अर्धवट राहिलेल्या बंबावर एक ठोका घातला. मग पुढच्याने घातला. दिवेलागण झाली होती, त्या वेळी कधी काम चालत नसे, पण त्या संध्याकाळी सगळ्यांनी घातले. बहुतेकांपुढे घडवायला काही नव्हतंच, रिकाम्या ऐरणीवर घातले. तो आवाज मला मुद्दाम ऐकावासा वाटला, पहिल्यांदा आणि शेवटचा.

खटला झाला. सासऱ्याचं ते वाक्य आळीतल्या एकेकाने कोर्टात शब्दशः सांगितलं, कारण सगळ्यांनी ते एकाच वेळी ऐकलं होतं. मुलाला शिक्षा झाली. बापाला वकिलाने सोडवलं. तो त्या घरात पुढे काही वर्षं जगला, आळीतला एक माणूस त्याच्याशी बोलला नाही, आणि तो गेला त्या दिवशी कुणी हातोडा थांबवला नाही. त्याला आवाजातच नेलं. दादांच्या मुलावरही खटला झाला. मनगट कशाने मोडलं हे मात्र कोर्टात एकालाही आठवेना.

मुलीला तिचा भाऊ घेऊन गेला. पुष्कळ वर्षांनी, मार्केट यार्ड गुलटेकडीला आल्यानंतर, तुमच्या आईच्या लग्नाचा कांदा आणायला मी तिथे गेले होते. गोण्यांच्या मागून कुणीतरी हाक मारली, “ताई, आज कुणाला शिव्या घालताय?” एक डोळा मिटलेला, अंगाने भरलेली, हमालांवर ओरडून ओरडून आवाज फाटलेला. भावाच्या गाळ्यावर ती कांद्याचा व्यवहार बघत होती. दुसरं लग्न झालं होतं, चांगल्या माणसाशी. मुलाचंही नुकतंच लग्न झालं होतं.

“सून कशी आहे?” मी विचारलं.

“तोंडाळ हाय,” ती खूश होऊन म्हणाली. “लई तोंडाळ. यायच्या आधी तिच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. तीच वो, तुमच्या सासूबाईंनी दिलेली. भावाने खटल्यानंतर उपटून आणली होती त्या दारातून.”

शब्दाचा वंश असा आहे, मुलांनो. वर तारका, आणि खाली ही सगळी घरं.

आता सोफियावालीसाठी. आज तू तुझ्या होणाऱ्या सासूला व्हिडिओवर आणलंस. माझी कामाची बाई स्वयंपाकघरात मिक्सर लावत होती, तिला मी आधी बंद करायला लावला. पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली. तुला वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही. मी तुझ्याकडे बघत नव्हते, डोळे मिटून बसले होते. बोलणं झाल्यावर तुझ्या सासूबाई स्वयंपाकाकडे वळल्या, तिथून त्यांनी तुला हाक मारली, मीठ कुठे ठेवलंस असं काहीतरी विचारलं, आणि तू त्यांच्यावर खेकसलीस, की मी फोनवर आहे, दिसत नाही का. त्या हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, “स्नाहा, स्नाहा,” आणि स्वतःच मीठ शोधायला गेल्या.

मी नीट ऐकलं. मग बाईला म्हटलं, लाव तुझा मिक्सर.